हलक्या काडतुसावरची सही

माणूस काडतूस कसं मागतो, त्यावरून त्याच्या सात पिढ्यांची पत्रिका मांडता येते, असं खैरुद्दीनचं ठाम मत होतं. अबुधाबी शहराबाहेर, वाळूच्या टेकाडाआडच्या नेमबाजी क्लबात काडतुसांच्या काउंटरमागे त्यानं एकतीस वर्षं काढली होती, आणि एवढ्या वर्षांत ज्याच्यासमोर मान तुकवावी असं गिऱ्हाईक त्याला एकदाच भेटलं होतं. तेही मुकं होतं. बाकी सगळ्यांनी तोंड उघडलं आणि कामातून गेले.

कुणी गॉगल डोक्यावर चढवून, एक पाय पुढे टाकून उभा राहायचा, जणू काडतूस नव्हे, मेलेला वाघच विकत न्यायला आलाय. कुणी मोबाइलवर चार व्हिडिओ बघून यायचा आणि खैरुद्दीनला बंदुकीच्या दारूचं गणित शिकवायचा. कुणाला बंदूक फोटोपुरतीच हवी असायची, आणि तीसुद्धा शर्टाच्या रंगाला शोभणारी. खैरुद्दीन सगळ्यांना 'यस सर' म्हणायचा आणि मनातल्या मनात त्यांची गाढवावरून वरात काढायचा. तोंडानं मात्र तो त्यांना दापोलीकडच्या शिकारीच्या गोष्टी ऐकवायचा. एका बारात तीन रानडुकरं कशी उताणी पडली, बिबट्या झाडावरून कोसळला तो कोसळता कोसळता माफी कशी मागून गेला. गिऱ्हाइकं खूश व्हायची. थापा मारण्यात त्याचा हात धरणारा अबुधाबीपासून रास अल खैमापर्यंत कुणी नव्हता. एकाच बाबतीत तो खोटं बोलत नसे. बंदुकीत काय भरलंय, त्या बाबतीत.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी परेश खानविलकर काउंटरवर आला. मूळचा चिपळूणचा, मुसफ्फ्याच्या औद्योगिक वसाहतीत त्याचा एसीच्या डक्टचा कारखाना. डक्ट म्हणजे पत्र्याची लांबलचक पोकळ पेटी, आत नुसती हवा. काही माणसं धंदा अगदी स्वभावाला जुळणारा निवडतात. सोबत त्याची मुलगी समिधा होती. चौदा वर्षांची, बांबूसारखी उंच आणि तेवढीच बारीक. हुडीची दोरी चघळत ती भिंतीवरच्या बंदुका एकेक करून बघत होती. शर्टाच्या रंगाशी जुळवून नव्हे, नीट बघत होती. खैरुद्दीनच्या ते लगेच ध्यानात आलं.

"चाचा, सगळ्यात मोठं काडतूस काढा बघू," परेश म्हणाला.

"कोणासाठी शेट?"

"हिच्यासाठी."

खैरुद्दीननं पोरीकडे पाहिलं. "वजन किती गं बाय तुझं?"

"फॉर्टी-वन. व्हाय?"

"वजन-बिजन काय विचारताय चाचा? लग्न जमवताय का तिचं?" परेश स्वतःच्याच विनोदावर हसला. त्याच्या विनोदावर हसायचं काम बहुधा त्यालाच करावं लागत असे.

मग सगळी हकिकत बाहेर आली. परेशचा भागीदार अबू हमद हा क्लबचा पंचवीस वर्षांपासूनचा मेंबर. दरवर्षी एप्रिलमध्ये तो बायको आणि नातींना घेऊन न्यूझीलंडला एका मित्राच्या मेंढ्यांच्या शेतावर जायचा. तिथे ठिपक्यांची हरणं कळपानं येऊन मेंढ्यांचं गवत फस्त करायची, म्हणून ती मारावी लागायची. गेल्या ईदला खानविलकर कुटुंब त्याच्याकडे भेटायला गेलं, तेव्हा दिवाणखान्यातल्या फोटोसमोर उभं राहून समिधानं थेट विचारलं होतं, "मला न्याल का?" परेशला दरदरून घाम फुटला. म्हातारा मात्र म्हणाला, नेतो. पण माझ्या डोळ्यांदेखत शंभर मीटरवरच्या लोखंडी चकतीवर तीन गोळ्या मार. तीनपैकी तीन. दोन लागल्या तर घरी बस. जखमी जनावर झुडपात घुसून तीन दिवस मरत राहतं, ते मी कुणाच्या हातून होऊ देत नाही.

चकती जेवणाच्या ताटाएवढी. परीक्षा मार्चच्या तिसऱ्या शनिवारी. समिधानं तेव्हापासून दुसरं काही डोक्यात येऊ दिलं नव्हतं. वाऱ्याच्या कोणत्या अंगानं चालायचं, हरीण मान वर करतं तेव्हा किती वेळ पुतळा व्हायचं, हे सगळं तिला पाठ होतं. फक्त बंदूक अजून हातात धरलेली नव्हती.

खैरुद्दीननं काउंटरवर दोन खोके ठेवले. "बंदूक एकच, काडतुसं दोन. हे भारी. जड गोळी, दारू ठासून. आणि हे हलकं. गोळी हलकी, दारू कमी, धक्का निम्म्यावर. सव्वाशे पावलांच्या आत हरणाला दोन्ही सारखीच. पहिल्यांदा बंदूक धरणाऱ्याला हेच द्यायचं. खांद्याला टेकवायचा दस्ता पण लांब पडतोय हिला, तो आखूड लावतो, मागे रबराची गादी बसवतो."

"निम्मा धक्का?" परेशनं हलका खोका दोन बोटांत धरून असा उचलला की जणू मेलेला उंदीर. "चाचा, माझ्या घरात माणसं तीन आणि वॉशिंग मशीन दहा किलोचं आहे. गाडी फुल ऑप्शन, फोन फुल ऑप्शन. आणि पोरीला निम्मं काडतूस?"

"शेट, हरीण काही खोका वाचत नाही."

"हरीण नाही वाचत, अबू हमद वाचतो! त्याच्यासमोर माझी मुलगी लहान पोरांची काडतुसं घेऊन उभी राहणार? म्हणेल, खानविलकरनं चिकटपणा केला. ह्या मोठ्याचे किती? दोनशे दिरहम? म्हणजे पावणेपाच हजार रुपये. द्या. तीन खोके द्या."

गल्फमध्ये राहून आपल्या माणसांना हा एक रोग जडतो, असं खैरुद्दीन मानायचा. अरबासमोर कमी पडायचं नाही. अरब चहा पितो तर ह्यांनी किटली प्यायची. बिचाऱ्या अरबाला पत्ताही नसतो की इथे कसली स्पर्धा लागली आहे.

क्लबचा नियम असा होता की अठरा वर्षांखालच्यांनी कुठलं काडतूस वापरायचं ते कागदावर लिहून पालकाची सही घ्यायची. परेशनं भारी काडतुसापुढे अशी झोकात सही ठोकली की कागद फाटायचा बाकी राहिला. मॅनेजर अर्श केसांना जेल लावून तिथेच उभा होता. तो खैरुद्दीनच्या कानात म्हणाला, "चाचा, कस्टमर जो माँगे वो दे दो ना." अर्शबद्दल खैरुद्दीनचं मत इथे छापण्याजोगं नाही.

पहिल्या बाराबद्दल खैरुद्दीन पुढे सांगायचा की, त्या आवाजानं पलीकडच्या तबेल्यातल्या उंटिणीचं दूध कासेतच नासलं. उंटिणीचं सोडा. एकेचाळीस किलोच्या पोरीचं काय झालं, ते सगळ्यांनी पाहिलं. बंदूक मागे आली, दुर्बिणीची कडा भुवईवर बसली आणि नाकाच्या बाजूनं रक्ताची बारीक धार खाली आली. समिधानं ती हुडीच्या बाहीला पुसली.

"आय ॲम ओके," ती म्हणाली.

परेश मोबाइलवर शूटिंग करत होता. "शाब्बास! वन्स मोअर! ह्या बाजूला बघ!"

तिनं आणखी चार बार काढले. पाचही चकतीला सोडून गेले. परेशनं रक्ताचा भाग कापला आणि उरलेला व्हिडिओ 'खानविलकर फॅमिली चिपळूण' ह्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, 'माझी वाघीण.' वाघिणीचा खांदा तोवर जांभळासारखा झाला होता. वाघ स्वतः मात्र एकदाही बंदुकीला शिवला नव्हता. त्याला त्या दिवशी मानेत उसण होती.

दुसऱ्या शनिवारी चित्र आणखी बिघडलं. समिधा चाप ओढायच्या आधीच डोळे घट्ट मिटायची, खांदा पुढे ढकलायची आणि नळी खाली जायची. गोळी चकतीच्या वीस पावलं अलीकडे वाळू उडवायची. परेशनं आधी बंदुकीला नावं ठेवली, मग दुर्बिणीला, मग वाऱ्याला, शेवटी खैरुद्दीनला, आणि फोन आल्याचं सांगून बाहेर गेला. फोन वाजलेला कुणीच ऐकला नव्हता.

खैरुद्दीन पोरीशेजारी बसला. "आता मी बंदूक भरून देतो. आत खरं काडतूस असेल किंवा डमी असेल. काय आहे ते सांगणार नाही. भरलेलं समजूनच धरायचं."

तिनं चाप ओढला. टक्क. आवाज एवढाच. पण नळी हातभर खाली बुडाली होती आणि समिधाचे डोळे मिटलेले होते. तिनं ते उघडले, खाली झुकलेल्या नळीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"सो इट्स मी."

"तू नाहीस गं. तुझा खांदा. खांद्याला एकदा मार बसला की तो आपल्याला न विचारता पळ काढतो. त्याला आता हलक्या हातानं समजवायला लागेल."

समिधानं हुडीची दोरी चघळली. मग मोडक्या मराठीत म्हणाली, "चाचा, हलकी काडतुसं मोठ्या खोक्यात भरा ना. पप्पाला काय कळणार?"

पोरीला डोकं होतं. खैरुद्दीनला तिचं कौतुकही वाटलं. पण तो म्हणाला, "नाही बाय. मी दिवसाला शंभर थापा मारतो, त्यातल्या साठ तुझ्या बापाला मारतो. पण कागदावर एक आणि नळीत दुसरं, हे माझ्या हातून होणार नाही. ज्या दिवशी होईल त्या दिवशी मी हे काउंटर सोडेन."

"मग?"

"मग बापाची सही आण."

बापाची सही काही आली नाही. विचारलं तेव्हा परेश म्हणाला, "चाचा, तुम्ही माझ्या मुलीला घाबरवताय. खानविलकरांच्या रक्तात माघार नाही." खानविलकरांच्या रक्तात काय आहे ते खैरुद्दीननं भुवईवरून ओघळताना पाहिलं होतं, आणि त्यातलं शहाणपण तेवढं सगळं पोरीच्या वाट्याला आलं होतं, बापाच्या नव्हे.

रिकाम्या बंदुकीला मात्र सही लागत नसे. समिधाची आई विनिता तिला दर बुधवारी शाळेतून परस्पर घेऊन यायची आणि गाडीत बसून राहायची. नळीवर एक दिरहमचं नाणं ठेवायचं आणि ते न पाडता चाप ओढायचा. पहिल्या बुधवारी नाणं बावीस वेळा पडलं. तिसऱ्या बुधवारी खैरुद्दीन चहा पिऊन आला, तरी नाणं जागेवरच होतं. दरम्यान त्यानं आणखी एक काम करून ठेवलं. तसलीच दुसरी बंदूक लोखंडी शिकंज्यात आवळून तिची दुर्बीण हलक्या काडतुसांवर बसवून घेतली. हलकी गोळी थोडी खाली लागते, तिला तिची दुर्बीण वेगळी लावावी लागते. बंदूक तयार होती, पोरगी जवळजवळ तयार होती. खोळंबा होता तो एका सहीचा.

मार्चचा तिसरा शनिवार उजाडला. अबू हमद वेळेवर आला. पायात साध्या चपला, हाडकुळा, पांढऱ्या दाढीचा. प्लास्टिकच्या खुर्चीत बसला. परेश आला तो हिरव्या पानांच्या छापाचं शिकारी जाकीट घालून. जंगलात दिसू नये म्हणून घालतात ते. आजूबाजूला मैलभर एक पान नव्हतं. पिवळ्या वाळूत तो माणूस दुबईहूनसुद्धा दिसला असता. आल्या आल्या त्यानं आपला मोबाइल अबू हमदच्या ड्रायव्हरच्या हातात दिला. "सब रेकॉर्ड करने का. बीच में बंद नहीं करने का."

टेबलावर भारी काडतुसांचा खोका होता. समिधानं त्याच्याकडे पाहिलं आणि तिचा हात आपोआप भुवईकडे गेला. खैरुद्दीननं ते पाहिलं. सहीचा कागद हाताखाली होता, पेन खिशात होतं, आणि उपाय एकही नव्हता. म्हणून त्यानं थाप मारली.

"शेट, रिवाज माहीत आहे ना? पोरीच्या आधी पहिला बार पालकाचा."

"कसला रिवाज?"

"इथला जुना रिवाज आहे. अरबाबना विचारा." गल्फमध्ये मालकाला अरबाब म्हणतात, आणि खैरुद्दीनची मान अबू हमदकडे वळली होती.

पंचवीस वर्षांत अबू हमदनं असा कुठलाही रिवाज ऐकला नव्हता. त्यानं खैरुद्दीनकडे पाहिलं, मग त्या पानापानांच्या जाकिटाकडे. दाढीतल्या दाढीत काहीतरी हललं. "हां," तो म्हणाला. "रिवाज है. बाप पहले. यल्ला, चलो."

परेशला उसण आठवली. पण ती आता सांगायची कशी? ड्रायव्हर शूटिंग करत होता. तो स्टुलावर बसला, दस्ता खांद्याला लावला आणि नळी टेबलावरच्या वाळूच्या पिशवीवर टेकवली.

खैरुद्दीननं बंदूक त्याच्याकडून घेतली, पाठ फिरवून भरली आणि परत दिली. "आत खरं असेल किंवा डमी असेल. सांगणार नाही. भरलेलं समजूनच धरायचं."

"मला शिकवू नका चाचा."

परेशनं श्वास आत घेतला. तो इतका घेतला की जाकिटाचं एक बटण उडालं. मग डोळे मिटून चाप ओढला.

टक्क.

बार उडालाच नाही. पण परेश उडाला. "आई गं!" अशी किंकाळी फोडून तो मागे फेकला गेला, स्टूल कलंडलं, नळी पिशवीत रुतली आणि पाय हवेत गेले. काहीही न होता एवढा मार खाल्लेला माणूस खैरुद्दीननं आयुष्यात पाहिला नव्हता.

 अबू हमदनं डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडात कोंबलं.

परेश उठला तो लालबुंद होऊन. "काडतूस फुसकं निघालं!"

"डमी होतं शेट. सांगितलं होतं."

"मग माझी चेष्टा केलीस होय रे! एवढा मोठा शिकारी, तर तू मार ना! एका बारात तीन डुकरं मारतोस! चल, धर ती बंदूक. मारून दाखव!" रागात अहो-जाहो केव्हाच गळून पडलं होतं.

"मारतो ना," खैरुद्दीन म्हणाला, "पण डॉक्टरनं—"

"खैरुद्दीन," अबू हमद खुर्चीतून म्हणाला, "यल्ला, मारो."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी खैरुद्दीननं दापोलीतल्या आपल्या बायकोला, हव्वाबीलाही, कधी सांगितली नव्हती. अकराव्या वर्षी त्याच्या बापानं त्याच्या हातात ठासणीची बंदूक दिली होती. शेतात डुकरं येत. बापानं दारू मोठ्या माणसाच्या मापानं ठासली, कारण आपल्या पोराला कमी दारू दिली असं वाडीत कुणी म्हणायला नको होतं. त्या बारानं पोराच्या खांद्याचं हाड निखळलं. डुक्कर चरत राहिलं, म्हणे त्यानं वर मान करूनही पाहिलं नाही. त्यानंतर खैरुद्दीननं आयुष्यात जेवढे बार काढले, तेवढे डोळे मिटून काढले, आणि त्यातला एकही कुठे लागला नाही. बावन्न वर्षं. क्लबातल्या बंदुका तो शिकंज्यात आवळून, लांबून दोरी ओढून तपासायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, आमच्या कोकणात असंच करतात.

तो खाली वाकला. बंदूक भरताना काडतूस बोटांतून दोनदा निसटलं. तेवढ्यात समिधानं त्याच्या हातातून बंदूक घेतली.

"मी भरते, चाचा."

तिनं पाठ फिरवली. खटका वाजला. बंदूक त्याच्या हातात परत देताना ती सरळ त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "आत काय आहे ते सांगणार नाही. भरलेलं समजूनच धरायचं."

खैरुद्दीननं दस्ता खांद्याला लावला आणि त्याच क्षणी तो अकरा वर्षांचा झाला. शंभर मीटरवरची चकती दिसेनाशी झाली. डोळे मिटले होते, मग दिसणार कशी? त्यानं चाप ओढला.

टक्क.

"मेलो!" असं ओरडून खैरुद्दीन आडवा झाला. डोक्यावरची टोपी उडून अबू हमदच्या पायाशी जाऊन पडली.

 परेश हसायला लागला. तो असा हसला की खाली बसला, पुन्हा उठला, खांबाला धरून हसला. "बिबट्या माफी मागून गेला म्हणे! अरे, बिबट्या काय, ह्याची तर मांजरसुद्धा माफी मागणार नाही! चाचा, तुम्ही तर माझ्या वरताण! मी निदान आईला हाक मारली, तुम्ही डायरेक्ट मेलातच!" पाच मिनिटांपूर्वी वाळूत तोंड खुपसायला जागा शोधणारा माणूस तो, आता छाती काढून फिरत होता. दुसरा आपल्याहून जास्त पडला की काही जणांना आपण उभेच होतो असं वाटायला लागतं.

समिधानं कागद पुढे केला. "पप्पा, साइन."

"कसली साइन?"

"हलक्या काडतुसांची."

"आण, आण! हा म्हातारा पडतो तिथे तू काय उभी राहणार?" कागद ठेवायला जवळपास काही सापडेना. खैरुद्दीन टोपी उचलायला वाकला होता. परेशनं कागद त्याच्या पाठीवर ठेवला आणि हसत हसत सही केली. वळणदार, शेपटीवाली सही. खैरुद्दीन ती पूर्ण होईपर्यंत वाकूनच राहिला. एवढ्या वर्षांत कित्येक गिऱ्हाइकांना तो मनातल्या मनात गाढव बनवत आला होता. गाढवपणाची बोहनी आज त्याच्या स्वतःच्या पाठीवर झाली.

कागद हातात आला तसा तो आत गेला आणि दुसरी बंदूक घेऊन आला. आखूड दस्ता, रबराची गादी. हलक्या काडतुसांचा खोका फोडला. तीन काडतुसं मोजून टेबलावर ठेवली आणि पोरीला दाखवली. "ही हलकी. तिन्ही खरी. डमी एकही नाही."

समिधानं कानांत बोळे घातले आणि वरून आवाज रोखणारी झाकणं चढवली. बसली. पोटातून श्वास सोडला.

पहिला बार. खांद्याला धक्का आला, पण तो शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीनं मारावा तेवढाच. चकती मधोमध खणखणली. समिधाचे डोळे आश्चर्यानं मोठे झाले. उघडेच होते ते.

दुसऱ्यालाही चकती खणखणली, जरा खालच्या अंगाला.

तिसऱ्याच्या आधी ती थांबली. बराच वेळ. बोट चापावर गेलं आणि परत आलं. खांदा पुढे सरकू बघत होता, खैरुद्दीनला ते लांबून दिसत होतं. परेश ओरडला, "मार ना! थांबतेस काय!" अबू हमदनं त्याच्याकडे न बघताच हात वर केला, आणि परेशचं तोंड मिटलं. समिधानं बंदूक खाली ठेवली, दोन्ही हात मांडीवर पुसले, खांदा एकदा गोल फिरवला आणि पुन्हा दस्ता धरला. श्वास सोडला. बार.

ह्या वेळी खणखणाट झाला नाही. नुसता 'टिक' असा आवाज आला. ड्रायव्हर म्हणाला, लागलं नाही. अर्श म्हणाला, लागलं. अबू हमद उठला आणि शंभर मीटर चालत गेला. चालला तो इतका सावकाश की खैरुद्दीनच्या मते तेवढ्या वेळात एखादी इमारत उभी राहिली असती. त्यानं चकतीच्या कडेवर बोट फिरवलं, नखानं रंग खरवडला, डोळ्याजवळ नेऊन पाहिला. परत आला.

"तीन," तो म्हणाला. "कडेला. पण तीन." मग समिधाकडे वळला. "तू रुकी. क्यूँ?"

"शोल्डर रेडी नव्हता," ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं मान डोलावली. "एप्रिल में गरम कपडा लाना. उधर ठंडी है." मग त्यानं टेबलावरचा खोका उचलला, उलटसुलट करून वाचला. "ये किसने पसंद किया?"

"मी!" परेश तीन पावलं पुढे आला. "मैंने, अरबाब! मी पहिल्या दिवसापासून बोलत होतो. बच्चा है, लाइट चाहिए. ये चाचा सुनता ही नहीं था. हेवी दो, हेवी दो! ये देखो मेरा साइन."

खैरुद्दीनचं तोंड उघडं राहिलं. साठ वर्षं थापा मारल्या, पण त्यालाही मारायच्या आधी क्षणभर विचार करावा लागायचा. ह्या माणसाला तोही लागला नाही. शिवाय पुरावा सहीनिशी हजर. समिधानं त्याच्याकडे पाहिलं. नजर अशी की, चाचा, आता काही बोलू नका.

"हां अरबाब," खैरुद्दीन म्हणाला. "शेटनीच पसंद केलं."

अबू हमदनं आपल्या परवान्यावर त्याच काडतुसांचे दोन खोके न्यूझीलंडसाठी बाजूला काढायला सांगितले आणि समिधाच्या डोक्यावर हात ठेवून निघून गेला. परेश गाडीपर्यंत त्याच्या मागे मागे गेला, श्वास कसा सोडायचा ते समजावून सांगत.

तिथेच त्यानं ड्रायव्हरकडून मोबाइल परत घेतला आणि आपल्या गाडीत बसल्या बसल्या पोरगी पास झाल्याचा व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर टाकला. न बघता टाकला. ड्रायव्हर मोठा आज्ञाधारक माणूस होता. बीच में बंद नहीं करने का म्हटल्यावर त्यानं काही बंद केलं नव्हतं. सुरुवातीपासूनचं सगळं होतं त्यात. परेशची किंकाळी होती, पाय हवेत होते, आणि पाठोपाठ खैरुद्दीनही होता, टोपीसकट. चिपळूणहून दापोलीला एस.टी.नं जायला दोन-अडीच तास लागतात. व्हिडिओ फॉरवर्ड होत होत पोचायला चार मिनिटं लागली.

क्लब बंद व्हायच्या आधीच दापोलीहून हव्वाबीचा फोन आला.

"तुम्ही बंदुकीला भिता होय?"

"मुद्दाम केलं ते," खैरुद्दीन म्हणाला. "पोरीच्या बापाची सही मिळवायची होती. तुला नाही कळणार. अख्खा डाव होता माझा."

"आणि 'मेलो' पण मुद्दाम?"

"अर्धवट नाटक मला जमत नाही."

 हव्वाबी म्हणाली, "शेजारच्या हाफिजानं व्हिडिओ दाखवला मला. सगळी वाडी बघतेय. बरं, ते मरू दे. त्या पोरीचं काय झालं? जायला मिळालं तिला?"

"मिळालं."

"मग गप बसा आता," हव्वाबी म्हणाली आणि फोन ठेवून दिला.